निवारागृह सोडल्यानंतरची साथ : एका पाठपुरावा सेवेचे परीक्षण

घरातल्याच माणसांच्या छळामुळे घर सोडावे लागलेल्या वृद्धांसाठी जी निवारागृहे चालवली जातात, त्यांच्याविषयी अधूनमधून लिहिले जाते; परंतु तिथला मुक्काम संपवून ही माणसे पुन्हा स्वतःचा संसार मांडू लागतात, तेव्हा त्यांच्या पाठीशी कोण उभे राहते आणि ते कितपत उपयोगी पडते, याविषयी फारसे वाचायला मिळत नाही. माझी आत्या अशाच एका निवारागृहातून बाहेर पडली तेव्हा त्याच संस्थेची पाठपुरावा सेवा तिला मिळाली. बहुतेक कामांत तिने मला सोबत घेतले, त्यामुळे ती सेवा मला जवळून पाहता आली आणि हे परीक्षण मी तिच्या परवानगीने लिहीत आहे. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण अशा ठिकाणांचा पत्ता गुप्त राहणे यावरच तिथे राहणाऱ्यांची सुरक्षितता अवलंबून असते. आत्याविषयीचे ओळख पटवणारे तपशीलही त्याच कारणाने वगळले आहेत.

अशी सेवा जोखायची झाली तर घरभेटी किती झाल्या, किती अर्ज भरून दिले, किती दूरध्वनी आले हे मोजता येते, आणि संस्थांचे अहवाल बहुधा तेच मोजतात. मला मात्र त्याहून महत्त्वाचा वाटतो तो एकच प्रश्न. छळ करणारा माणूस पोटचा मुलगा आहे आणि त्या मुलावर आईची माया अजून तशीच आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असताना ही सेवा त्या आईशी कशी वागते? उरलेल्या बऱ्यावाईटाचे मूळ मला या प्रश्नाच्या उत्तरात सापडले.

हा प्रश्न मोजक्या घरांपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठ वर्षांवरील दर सहा व्यक्तींपैकी एकीला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या छळाला तोंड द्यावे लागते. हा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, २८ देशांतील ५२ अभ्यास एकत्र पाहणाऱ्या विश्लेषणावर आधारलेला आहे. त्यात मानसिक छळाचे प्रमाण ११.६ टक्के, आर्थिक छळाचे ६.८ टक्के, हेळसांडीचे ४.२ टक्के आणि शारीरिक मारहाणीचे २.६ टक्के आढळले. म्हणजे अंगावर वळ दिसावेत असा छळ कमी, आणि बाहेरून काहीच दिसू नये असा छळ जास्त. निवारागृहाच्या चार भिंती मारहाण थांबवू शकतात; पण अपमान, धमक्या आणि पैशांची लुबाडणूक यांना दाराची गरज नसते. ती फोनवरून होते, बँकेच्या खात्यातून होते, नातवंडांच्या तोंडून पाठवलेल्या निरोपातून होते. बाहेर पडल्यानंतरच्या सेवेची खरी गरज तिथे आहे.

वृद्धांसाठीची स्वतंत्र निवारागृहे ही तशी अलीकडची गोष्ट आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील हिब्रू होम या वृद्धसेवा संस्थेत २००५ साली वाइनबर्ग केंद्र सुरू झाले आणि चालू वृद्धसेवागृहातल्याच खाटा छळग्रस्तांसाठी उपलब्ध करून देण्याची पद्धत तिथे रुळली. वेगळी इमारत लागत नाही, परिचारिका आणि डॉक्टर आधीपासूनच असतात, आणि आलेली व्यक्ती इतर रहिवाशांत मिसळून जात असल्याने तिच्या कपाळावर कसलाही शिक्का बसत नाही. आत्या राहिली ते निवारागृहही याच धर्तीवर चालते. या पद्धतीचे गुण निर्विवाद आहेत, पण तिच्यातून एक अडचणही जन्माला येते. चोवीस तास काळजी घेणाऱ्या ठिकाणाहून माणूस थेट एकट्याच्या घरात जातो, तेव्हा दोन्हींतले अंतर फार मोठे असते. ते भरून काढण्याचे काम पाठपुरावा सेवेचे.

या सेवेत निवारागृह सोडण्याची तारीख ठरण्यापूर्वीच एक समाजकार्यकर्ती नेमली जाते आणि बाहेर पडल्यावर सहा महिने तीच व्यक्ती घरभेटी, दूरध्वनी, बँकेतल्या आणि दवाखान्यातल्या खेपा आणि वकिलाशी गाठ घालून देणे हे सगळे पाहते. व्यक्ती तीच राहणे ही वरवर किरकोळ सोय वाटेल, पण माझ्या मते या सेवेतली ही सर्वांत मोलाची रचना आहे. छळ सोसलेल्या माणसाला आपली हकीकत आधी डॉक्टरला, मग पोलिसांना, मग वकिलाला, मग निवारागृहाच्या अधिकाऱ्यांना सांगावी लागलेली असते, आणि प्रत्येक वेळी ती सांगताना आपल्याच मुलाविरुद्ध साक्ष दिल्यासारखे वाटते. आत्याला ती पुन्हा कुणाला सांगावी लागली नाही. समाजकार्यकर्तीला सगळे आधीच ठाऊक होते, त्यामुळे पहिल्या घरभेटीत मागचे काही न उकरता थेट कामाचे बोलणे सुरू झाले.

त्या कामांत पैशांचा व्यवहार सर्वांत आधी हाती घेतला गेला, आणि सेवेचे खरे कसब मला तिथे दिसले. आत्याचे निवृत्तिवेतन जमा होणारे खाते मुलाबरोबर संयुक्त होते, खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक त्याचा होता आणि त्यामुळे प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जात होता. तिने पूर्वी त्याच्या नावे मुखत्यारपत्रही करून दिलेले होते. अशा वेळी घाईघाईने संयुक्त खाते बंद करायला जावे असे कोणालाही वाटेल. समाजकार्यकर्तीने तसे करू दिले नाही. बँकेने त्याची सूचना मुलाच्या क्रमांकावर पाठवली असती आणि आत्या घरी पोहोचेपर्यंत खात्यात काही उरले नसते. तिने आधी आत्याच्या एकटीच्या नावे दुसऱ्या बँकेत खाते उघडवले, त्याला नवा मोबाइल क्रमांक जोडला, निवृत्तिवेतन तिकडे वळवण्याचा अर्ज दिला, आणि तो मंजूर झाल्यावर मुखत्यारपत्र रद्द केल्याची लेखी नोंद जिथे जिथे त्याचा वापर झाला होता त्या प्रत्येक कार्यालयात पोहोचवून तिची पोच घेतली. जुन्या खात्याकडे सर्वांत शेवटी पाहिले. नामनिर्देशन, विम्याची कागदपत्रे आणि टपालाचा पत्ता याही गोष्टी त्याच ओघात बदलल्या गेल्या. पत्ता बदलायचे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, आणि मग बँकेची पत्रे जुन्याच घरी जाऊन पडतात व तिथे ती दुसरेच कोणी उघडते.

याच कामातला एक बारकावा मला फार आवडला. नव्या कार्डाचा पिन ठरवताना समाजकार्यकर्ती खोलीबाहेर जाऊन उभी राहिली, आणि जाताना तिने आत्याला सांगितले की हा आकडा कोणालाही सांगायचा नाही. मला नाही, आणि या तुमच्या भाच्यालाही नाही. मदत करणाऱ्या माणसाने स्वतःलाही त्या कुंपणाबाहेर ठेवले, याचा आत्यावर जो परिणाम झाला तो कोणत्याही समुपदेशनाने झाला नसता. एकाच्या मुठीतून सुटून दुसऱ्या भल्या माणसाच्या मुठीत जाणे हे स्वातंत्र्य नव्हे, हे त्या संस्थेला नीट कळलेले आहे.

पैशांच्या बाबतीत सेवा जिथे उणी पडली तेही सांगायला हवे. आत्याच्या नावावर तिच्या नकळत काढलेले एक कर्ज पुढे उघडकीला आले, आणि त्यावर काय करायचे याचे उत्तर सेवेकडे तयार नव्हते. वकिलाची वेळ मिळायला फार काळ गेला आणि तोवर वसुलीचे फोन येत राहिले. आर्थिक छळातून बाहेर पडलेल्या वृद्धांच्या बाबतीत अशी कर्जे निघणे अपवादात्मक नाही. तेव्हा त्यांच्या नावावरील सर्व कर्जांची माहिती पहिल्याच महिन्यात मागवून घेणे हे सेवेच्या नेहमीच्या कामात असायला हवे होते.

घराची सुरक्षितता या सदरातले काम चोख झाले आणि त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. कुलूप बदलले, दाराबाहेर दिवा लावला, न्हाणीघरात पकडदांडी बसवली, मोठ्या आकड्यांचा फोन दिला, गळ्यात घालायचे आणीबाणीचे बटण दिले. आत्याचा दुसरा चष्मा आणि श्रवणयंत्र जुन्या घरी राहिले होते. ते संस्थेने मध्यस्थामार्फत मागवून घेतले. ऐकू न येणाऱ्या माणसाला दारावर कोण आले हे कळत नाही, फोनवरचा आवाज ओळखू येत नाही आणि डॉक्टरने सांगितलेले अर्धे निसटून जाते, म्हणून निवारागृह सोडण्याच्या यादीत श्रवणयंत्राचे स्थान कुलुपाच्या बरोबरीचे असायला हवे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. निवारागृह सोडण्यापूर्वी सुरक्षा आराखडा तयार करायला समाजकार्यकर्ती बसली, तेव्हा तिने आत्याला विचारले, ‘‘मुलगा दारात येऊन उभा राहिला तर तुम्ही काय कराल?’’ काय करायला हवे असे तिने विचारले नाही. तुम्ही काय कराल असे विचारले. आत्या थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘‘आत घेईन.’’ मी तिला समजवायला तोंड उघडणार तोच समाजकार्यकर्तीने हाताने मला थांबवले आणि ते उत्तर जसेच्या तसे कागदावर लिहिले. मग पुढचे सगळे प्रश्न त्या उत्तरापासून सुरू झाले. तो आत आला तर फोन कुठे ठेवलेला असेल? तो येऊन गेल्याचे कोणाला कळवाल? तो प्यायलेला असेल तर काय वेगळे कराल? त्याने पैसे मागितले तर काय सांगाल, आणि ते वाक्य आत्ता एकदा म्हणून बघता का? भेट घरातच व्हायला हवी का, की दुसरीकडे कुठे, चार माणसांत होऊ शकेल? तासाभराने जो आराखडा तयार झाला त्यात ‘‘मुलाशी संबंध ठेवणार नाही’’ असे एकही वाक्य नव्हते. त्याच्याशी भेट कुठे होईल, कोणाच्या माहितीत होईल, कोणत्या विषयावर बोलणे होणार नाही आणि कोणत्या क्षणी भेट आटोपती घ्यायची हे सगळे होते, आणि ते आत्याच्या स्वतःच्या शब्दांत होते. आराखडा मोठ्या ठळक अक्षरांत छापून तिला दिला आणि मोठ्याने वाचूनही दाखवला.

त्या वेळी मला हे पटले नव्हते. संस्थेने ठामपणे संबंध तोडायला सांगावे असे आम्हा सगळ्या नातेवाइकांना वाटत होते. पण पुढे जे घडत गेले ते पाहता संस्थेचीच वाट योग्य होती, असे माझे आज स्पष्ट मत आहे. आई मुलाला भेटणारच असते. तिला मनाई केली तर ती चोरून भेटते. भेटीत काही वाईट घडले तर, ‘‘आम्ही आधीच सांगितले होते’’ हे ऐकावे लागेल या भीतीने ती ते कोणालाही सांगत नाही. आणि मग मदतीची साखळी जिथे सर्वांत जास्त गरज असते नेमकी तिथेच तुटते. आत्याने मुलाच्या भेटीविषयी समाजकार्यकर्तीपासून काही लपवले नाही, कारण लपवावे असे तिच्यावर कोणी लादलेच नव्हते. एका भेटीत त्याने पुन्हा आवाज चढवला, तेव्हा तिने त्याच संध्याकाळी फोन करून ते सांगितले. जुन्या घरात असताना असला प्रसंग कोणाला कळवायला तिला वर्षे लागली होती.

या दृष्टीला अभ्यासाचा आधार आहे. अमेरिकेच्या मेन राज्यात ‘राइज’ या नावाने विकसित झालेल्या पद्धतीत काम चार बाजूंनी चालते: छळ सोसलेली व्यक्ती, छळ करणारी व्यक्ती, त्या दोघांमधले नाते आणि भोवतालचा समाज. वृद्धांना बहुधा नाते संपवायचे नसते, त्यातला त्रास संपवायचा असतो, हे तिथे गृहीत धरलेले असते. या पद्धतीतली दुसरी बाजू, म्हणजे छळ करणाऱ्यासाठी काही करणे, ही मी परीक्षण करत असलेल्या सेवेत जवळजवळ नाही, आणि मला ती मोठी उणीव वाटते. माझ्या आतेभावाला व्यसन आहे, त्याला नोकरी नाही आणि राहण्यापुरते घर आईचेच होते. आईच्या घराला नवे कुलूप बसल्याने त्याचे यांतले काहीच सुटले नाही. त्याला व्यसनमुक्तीची आणि राहण्याची वेगळी सोय लावून देणे हे आईच्या सुरक्षिततेचेच काम आहे, असे संस्थेतल्या लोकांनाही वाटते. त्यासाठी त्यांच्याकडे ना माणसे आहेत, ना निधी. त्यांनी फक्त एका व्यसनमुक्ती केंद्राची माहिती लिहून दिली. तो तिथे गेला नाही.

आत्याच्या मनाच्या प्रकृतीकडे सेवेने लक्ष दिले, पण ते काहीसे उशिरा. निवारागृहात सोबतीला माणसे होती, ठरलेल्या वेळा होत्या. घरी आल्यावर पहिले काही आठवडे आवराआवरीत गेले आणि त्यानंतर ती एकाएकी खचली. सकाळी उठावेसे वाटेना, औषधे घ्यायची राहू लागली. नैराश्याची चाचणी निवारागृह सोडतानाच केली होती, पण ती पुन्हा करायची असते हे कोणाच्या लक्षात आले नाही. न्यूयॉर्कमध्ये वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयाने शहराच्या वृद्धकल्याण विभागाबरोबर राबवलेल्या ‘प्रोटेक्ट’ या उपक्रमात कायदेशीर आणि सामाजिक मदत चालू असतानाच नैराश्यावर अल्पकालीन उपचार दिले जातात. यामागचा विचार मला पूर्ण पटतो. ज्याचे मन उभे राहिलेले नाही, त्याच्याकडून कोर्टाच्या तारखा आणि बँकेचे अर्ज पाळले जात नाहीत. इथेही उपचार सुरू झाल्यावर बाकीची कामे आपोआप वेग धरू लागली. मात्र ते सुरू व्हायला आम्ही नातेवाइकांनी बोलून दाखवावे लागले. ज्या वृद्धांना असे बोलणारे कोणी नाही, त्यांचे काय होत असेल हा विचार मला अस्वस्थ करतो.

सेवेवरचा माझा मुख्य आक्षेप तिच्या मुदतीविषयी आहे. सहा महिने पूर्ण झाले की प्रकरण बंद होते. शेवटची भेट मनापासून झाली, निरोप नीट घेतला गेला, पुढे कुठे फोन करायचा ते लिहून दिले गेले. पण बंद करण्याचे कारण एवढेच होते की दिनदर्शिकेतली तारीख उलटली. त्या वेळी आत्याचा धोका कमी झाला आहे की वाढला आहे, हे कोणी तपासले नाही. खरे तर नेमक्या त्याच सुमारास कर्जाचे प्रकरण निघाले होते आणि मुलगा पुन्हा जवळपास राहायला आला होता. आठवड्याच्या सुटीला आणि रात्री फोन केला तर एका सामाईक मदत क्रमांकावर जातो आणि तिथल्या माणसाला आत्या कोण हे माहीत नसते. आरंभी एकाच व्यक्तीच्या सोबतीने जो विश्वास बांधला गेला, तो असा एका दिवसात सोडून देणे मला योग्य वाटत नाही.

मुदतीचा हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे स्त्रियांच्या निवारागृहांवरील एका जुन्या आणि काटेकोर अभ्यासातून दिसते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात क्रिस सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पतीच्या वा जोडीदाराच्या हिंसेमुळे निवारागृहात आलेल्या २७८ स्त्रियांपैकी काहींना बाहेर पडल्यावर दहा आठवडे प्रशिक्षित सोबतीण दिली, जी त्यांच्या स्वतःच्या गरजांप्रमाणे घर, शिक्षण, काम, कायदा यांसाठी धावपळ करत असे. इतरांना नेहमीच्याच सेवा मिळाल्या. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांत पुन्हा कधीही हिंसा न सोसाव्या लागलेल्या स्त्रियांचे प्रमाण सोबतीण मिळालेल्या गटात सुमारे २४ टक्के होते, तर दुसऱ्या गटात सुमारे ११ टक्के. अवघ्या दहा आठवड्यांच्या साथीने दुप्पट फरक पडावा ही मोठीच गोष्ट आहे. परंतु त्याच स्त्रियांची आणखी वर्षभराने पाहणी झाली तेव्हा जगण्याच्या दर्जातला फरक टिकून होता, हिंसेपासून मिळालेले संरक्षण मात्र टिकले नव्हते. हे निष्कर्ष वृद्धांना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. वृद्धांचा छळ बहुधा मुलांकडून, नातवंडांकडून किंवा काळजीवाहकांकडून होतो आणि वाढत्या वयाबरोबर परावलंबन कमी होण्याऐवजी वाढत जाते. तरीही मला त्यातून इतके नक्की घ्यावेसे वाटते की साथीने फरक पडतो, आणि साथ संपली की त्यातला काही भाग ओसरतो.

वृद्धांच्या बाबतीत तर हे जास्तच गंभीर आहे. मार्क लॅक्स आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यू हेवन शहरातल्या ६५ वर्षांवरील २,८१२ व्यक्तींचा पाठपुरावा केला गेला. तेरा वर्षांनंतर, छळाची नोंद झालेल्यांपैकी ९ टक्के हयात होते. ज्यांच्याविषयी अशी कोणतीही तक्रार तपासावी लागली नव्हती त्यांच्यापैकी ४० टक्के हयात होते. इतर आजार आणि परिस्थिती हिशेबात धरूनही हा फरक उरला. ज्या माणसाचे उरलेले आयुष्यच पणाला लागलेले आहे त्याच्या बाबतीत सहा महिन्यांची सरसकट मुदत अपुरी आहे. भेटी विरळ कराव्यात, महिन्याला एक करावी, तिमाहीला एक करावी. पण दार बंद करू नये, आणि धोका वाढला की तीच व्यक्ती पुन्हा उपलब्ध व्हावी. निवारागृहातल्या एका खाटेच्या खर्चापुढे महिन्यातून एका भेटीचा खर्च फार होऊ नये, असे मला वाटते.

सोबतीची बाजू मला अपेक्षेपेक्षा बरी आढळली. निवारागृहातून बाहेर पडलेल्यांचा एक गट महिन्यातून एकदा जमतो. तिथे छळाविषयी बोललेच पाहिजे अशी सक्ती नाही, आणि बहुतेकदा बोलणे होते ते गुडघ्यांविषयी, नव्या भाड्याच्या घराविषयी, फोनवरच्या फसव्या संदेशांविषयी. आत्या आधी जायला तयार नव्हती. नंतर मात्र तिच्याकडे निघायच्या तासभर आधीच तयारी झालेली असे. सहा महिने संपल्यावरही या गटात येता येते, आणि संपूर्ण सेवेतली हीच एक गोष्ट मुदतीविना चालू आहे.

आम्हा नातेवाइकांशी सेवेने जो व्यवहार ठेवला त्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण पुष्कळ कुटुंबांना ती खटकेल. आमच्या फोनवर समाजकार्यकर्ती कधीही आत्याविषयी माहिती देत नसे. ‘‘त्यांना विचारून सांगते,’’ एवढेच म्हणत असे. घराविषयीच्या एका निर्णयात आमचे आणि आत्याचे मत वेगळे पडले, तेव्हा ती निःसंकोचपणे आत्याच्या बाजूने उभी राहिली. संयुक्त राष्ट्रांनी १६ डिसेंबर १९९१ रोजी स्वीकारलेल्या वृद्धविषयक तत्त्वांत स्वावलंबन, सहभाग, काळजी, आत्मविकास आणि प्रतिष्ठा ही पाच सूत्रे आहेत. काळजी घेणाऱ्या प्रेमळ नातेवाइकांना यातले ‘काळजी’ तेवढे दिसते. बाकीच्या चारांची आठवण कोणीतरी बाहेरच्याने करून द्यावी लागते, आणि ती या सेवेने आम्हाला सौम्यपणे पण ठामपणे करून दिली.

ज्या वृद्धांचे निर्णय घेण्याचे सामर्थ्य शाबूत आहे, ज्यांना स्वतंत्र राहायची थोडीफार सोय आहे आणि छळाचा मुख्य भाग आर्थिक किंवा मानसिक आहे, त्यांना ही सेवा घेण्याचा सल्ला मी निश्चितपणे देईन; फक्त मुदत संपण्याच्या दोन महिने आधीच वाढीव मुदतीसाठी लेखी अर्ज द्यावा, कारण आम्हाला उशिरा कळले त्याप्रमाणे तशी तरतूद नियमांत आहे पण ती कोणी आपणहून सांगत नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींसाठी मात्र ही सेवा आजच्या स्वरूपात पुरेशी नाही. आराखडा कितीही त्यांच्या शब्दांत लिहिला तरी ऐन वेळी तो त्यांना आठवेल याची खात्री नसते, आणि छळ करणाराच जर रोज जेवू घालणारा व औषधे देणारा असेल तर त्याच्यापासून दूर राहण्याची किंमत त्याच दिवशी मोजावी लागते. अशा व्यक्तीच्या वतीने कोणीतरी सगळे ठरवून टाकावे, हा त्यावरचा सोपा उपाय मला मान्य नाही. २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बाराव्या कलमातही निर्णयासाठी आधार देण्यावर भर आहे. पण तसा आधार द्यायचा तर रोज घरी येणारा, संस्थेने नेमलेला आणि संस्थेलाच उत्तरदायी असलेला काळजीवाहक लागतो, आणि तो या सेवेत नाही. ज्यांच्या घरी अशी परिस्थिती आहे त्यांनी निवारागृह सोडण्याची तारीख मान्य करण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: दैनंदिन काळजी पहिल्या दिवसापासून कोण घेणार त्याचे नाव, आणि ती व्यवस्था मोडली तर निवारागृहात परत घेण्याची हमी.